सागवान आपले, सूर कुणाचे?

— एक विद्यार्थी, बी. ए. भाग २

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागातून काय काय बाहेर जाते याची यादी करायला बसले तर वहीचे पान पुरणार नाही. सागवान जाते. तेंदूपत्ता जातो. चंद्रपूरचा कोळसा जातो आणि त्याच कोळशावर तयार झालेली वीजही जाते. बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद गिरणीत गेला. अलीकडे सुरजागडचे लोखंडही जाऊ लागले आहे. जाण्याबद्दल माझी तक्रार नाही. देवाणघेवाणीवाचून जग चालत नाही हे अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आपण शिकतो. माझा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडून जे जाते ते नेहमी कच्चेच का जाते? ओंडका इथला आणि त्या ओंडक्याला किंमत आणणारा हात मात्र दुसरीकडचा, असे का?

२०२३ सालचेच उदाहरण घ्या. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आपल्या भागातले सागवान गेले. मोठी शोभायात्रा निघाली, वर्तमानपत्रांतून छायाचित्रे आली, आणि आपल्या सर्वांना अभिमान वाटला. तो वाटायलाच हवा. पण ती दारे घडली हैदराबादच्या एका कारखान्याच्या देखरेखीखाली, आणि त्यांवरचे कोरीव काम केले तामिळनाडूच्या कारागिरांनी. त्या कारागिरांच्या कौशल्याला माझा नमस्कारच आहे. मात्र एवढे मोठे जंगल ज्यांच्या उशापायथ्याशी आहे त्या आपल्या सुतारांना कुणी विचारले नाही, आणि विचारले नाही याची खंतही कुणाला वाटली नाही. मला ती वाटते, कारण मी सुताराचा मुलगा आहे आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा पहिला आहे.

म्हणून या लेखात मी एक सूचना मांडणार आहे. ती ऐकून काही मित्र हसतील. त्यांनी हसावे, पण शेवटपर्यंत वाचावे. माझी सूचना अशी की आपल्या जिल्ह्यांतल्या छोट्या सुतारशाळांनी इलेक्ट्रिक गिटारी बनवायला घ्याव्यात.

गिटार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईतली श्रीमंत मुले, सिनेमातला नायक आणि कुठल्यातरी परदेशी कंपनीचे नाव येते. पण इलेक्ट्रिक गिटारीचा जन्म कसा झाला हे पाहिले तर हा सगळा देखावा गळून पडतो. साध्या गिटारीला पोकळ पेटी असते. पातळ फळ्या वाकवून ती करावी लागते आणि तिच्या पोकळीतून आवाज मोठा होतो. ती विद्या वर्षानुवर्षांच्या सरावाची आहे. इलेक्ट्रिक गिटारीला पोकळीची गरज नाही. १९४० च्या सुमारास अमेरिकेत लेस पॉल नावाच्या वादकाने चार इंच रुंद, चार इंच जाड असा लाकडाचा एक सरळ तुकडा घेतला, त्यावर तारा ताणल्या आणि तारांखाली चुंबक बसवले. त्या वाद्याचे नावच ‘लॉग’, म्हणजे आपल्या भाषेत ओंडका! नुसता ओंडका लोकांच्या नजरेला पटेना, म्हणून त्याने एका गिटारीचे दोन अर्धे भाग दोन्ही बाजूंना जोडले. ते केवळ दिसण्यासाठी होते, आवाज ओंडक्याचाच होता. ज्या कंपनीला आरंभी या ओंडक्यात काही राम दिसला नाही, त्याच गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये त्याच्या नावाची गिटार बाजारात आणली.

दुसरे नाव लिओ फेंडर यांचे. हे गृहस्थ कॅलिफोर्नियात रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवीत होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण फळीची करावी, मान वेगळी करून स्क्रूने जोडावी, बिघडली तर भाग बदलता यावा, असा दुरुस्तीवाल्याचा विचार त्यांनी केला. १९५० ते १९५४ या चार वर्षांत त्यांनी जे नमुने केले तेच आजही जगभर वाजतात. आता सांगा, आपल्या तालुक्याच्या गावी सुतार नाही का? रेडिओ, टीव्ही, मोबाइल दुरुस्त करणारा नाही का? धानाला पाणी देणाऱ्या पंपाची जळालेली मोटार बांधून देणारा नाही का? हे तिघे एका छपराखाली बसले तर इलेक्ट्रिक गिटारीचा कारखाना पुरा होतो.

तिसरे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. १९६३ साली इंग्लंडमध्ये ब्रायन मे या शाळकरी मुलाला गिटार हवी होती आणि घरी पैसे नव्हते. त्याने आणि त्याच्या वडिलांनी मिळून ती घरीच केली. मानेसाठी जुन्या शेगडीवरच्या फळीचे महोगनी लाकूड वापरले. सूर हलवण्याच्या दांडीला मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा लावल्या. पडद्यांच्या पाटीवरच्या खुणांसाठी आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणे घेतली. पुढे ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध बँडमध्ये त्याने तीच गिटार आयुष्यभर वाजवली. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आणि याच ब्रायन मे यांनी २००७ मध्ये खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळवली. रंधा आणि पदवी यांचे वैर नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला हवा?

आता थोडे कामाविषयी बोलू. ही वस्तू आपल्या आवाक्यातली आहे हे नुसते म्हणून चालणार नाही, दाखवले पाहिजे.

इलेक्ट्रिक गिटारीचे मुख्य भाग तीन. धड, मान आणि तारांखालचे पिकअप. धड म्हणजे साधारण पावणेदोन इंच जाडीची फळी. एका फळीत रुंदी बसली नाही तर दोन फळ्या सांधून करायची. त्यासाठी आपल्याकडची शिवण चांगली. ती हलकी असते आणि नीट वाळली की फारशी वाकत-तडकत नाही, म्हणून वाद्यांसाठी तिचा वापर जुनाच आहे. मान म्हणजे दांडा, आणि खरी परीक्षा त्याची. सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ताण सुमारे पंचेचाळीस किलो होतो. म्हणजे जवळजवळ धानाच्या अर्ध्या क्विंटलाचे ओझे त्या दांड्याला रात्रंदिवस ओढत असते. त्यासाठी मानेच्या आत खाच पाडून पोलादी सळई बसवतात आणि ती पिळून वाक काढतात. मानेला जुने, मुरलेले, सरळ रेषेचे सागवान चालते. फक्त सागवानात तेल असते, म्हणून चिकटवण्यापूर्वी सांधा ताजा रंधून पुसून घ्यावा लागतो, आणि हत्यारांची धार वारंवार लावावी लागते. हे आपल्या कुठल्याही सुताराला सांगावे लागत नाही. मानेवरच्या पडद्यांच्या पाटीला शिसम उत्तम. जगातल्या नामांकित कंपन्या जे ‘इंडियन रोझवुड’ वापरतात ते हेच झाड. आपण त्याच्या खाली सावलीला बसतो.

पडदे कुठे बसवायचे याचे गणित मात्र हवे. तारेची एकूण लांबी घ्यायची आणि तिला १७.८१७ ने भागायचे. येईल तेवढ्यावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागले की दुसरा. असे करीत गेले की बारावा पडदा बरोबर निम्म्यावर येतो, आणि तिथे सूर दुप्पट उंच होतो. तार ६४८ मिलीमीटर असेल तर पहिला पडदा ३६.४ मिलीमीटरवर येईल. हे गणित दहावीच्या मुलालाही जमेल.

राहिले पिकअप. चुंबकाभोवती केसाहूनही बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत बारीकसा विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तो ॲम्प्लिफायरमध्ये जातो आणि आवाज होऊन बाहेर पडतो. फॅरेडेने १८३१ मध्ये जे तत्त्व दाखवले तेच हे. ज्या तत्त्वावर चंद्रपूरच्या वीज केंद्रातली जनित्रे फिरतात, त्याच तत्त्वावर हे इवलेसे पिकअप चालते.

हे मी केवळ पुस्तकातून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मंडईच्या दिवसांत एक वादक मान तुटलेली गिटार घेऊन आमच्या छपरीत आला. माझ्या वडिलांनी आयुष्यात गिटार हातात घेतली नव्हती. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, “यात काय हाय? एक पाटी हाय, एक दांडा हाय. तार ताणली का दांडा वाकते. त्याले वाकू नाई द्याचा, एवढंच काम.” तुटलेल्या जागी तिरपा सांधा काढून त्यांनी शिसमाची चीप बसवली. ती मान आजही शाबूत आहे. त्यानंतर गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी एक पूर्ण गिटार केली. धड शिवणीचे, मान पाडलेल्या घराच्या दाराच्या चौकटीची, पाटी शिसमाची. खुंट्या, सळई, पडद्यांची तार आणि पिकअप नागपूरहून आणले. पडद्यांच्या जागा मी मोजून दिल्या, खाचा वडिलांनी पाडल्या. वजन चार किलोला थोडे कमी भरले. खर्च साडेसहा हजार आला, आणि त्यात लाकडाचे पाचशे रुपयेही नव्हते. हा आकडा माझ्या मनात घर करून बसला आहे. लाकडाची किंमत पाचशे. बाकी सारी किंमत सुट्या भागांची आणि हातांची. आपण आजवर विकत आलो ते फक्त पाचशेचे.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप असा की गिटार परकी, आपल्या मातीतली नाही. मग भजनातली पेटी कुठली? ती फ्रान्सकडून आली. गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो जपानच्या नागोया शहरात १९१२ साली निघालेल्या वाद्याचा वंशज आहे. वाद्याचे गोत्र कुणी विचारीत नाही, ते कुणाच्या गळ्याला साथ देते एवढेच पाहतात. आपली झाडीपट्टी रंगभूमी याची साक्ष आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा आणि आसपासच्या गावांतून नाटकांचे संच निघतात, रात्रभर नाटक रंगते, आणि संगीताशिवाय झाडीपट्टीचे नाटक उभेच राहत नाही. त्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या रंगमंचाने ऑर्गनला आपले मानले, की-बोर्डला मानले. गिटारीला तो परके म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो खरा आहे. यंत्रावर हजारोंनी तयार झालेली परदेशी गिटार काही हजारांत मिळते. तिच्याशी भावात स्पर्धा करणे आपल्याला शक्य नाही आणि करूही नये. पण तयार कपडे स्वस्त मिळू लागले म्हणून शिंपी उपाशी मेला नाही. ज्याला आपल्या मापाचे हवे तो शिंप्याकडे येतोच. डाव्या हाताने वाजवणारा, लहान हाताची मुलगी, वजनाने हलकी गिटार हवी असलेला म्हातारा वादक, ही माणसे यंत्राच्या मापात बसत नाहीत. त्यातही आरंभ दुरुस्तीपासून करावा. पडदे झिजलेली, मान वाकलेली गिटार घेऊन आज आपल्याकडच्या वादकाला नागपूर गाठावे लागते. दुरुस्तीत पोट भरते आणि हातही शिकतो.

तिसरा आक्षेप जंगलप्रेमी मित्र घेतील. याने तोड वाढणार नाही का? हिशेब करू. एका गिटारीचे धड आणि मान मिळून अर्ध्या घनफुटाहूनही कमी लाकूड लागते. दाराच्या एका सागवानी चौकटीला सव्वा ते दीड घनफूट लागते. म्हणजे एका चौकटीच्या लाकडात तीन गिटारी होतात. ज्या धंद्यात लाकूड कमी आणि हात जास्त, तोच धंदा जंगलाला परवडणारा. जगाच्या कायद्याचा कलही तिकडेच आहे. २०१७ पासून शिसमाच्या कुळातल्या सर्व झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले, पण २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ओंडक्याला अडवले, वाद्याला वाट दिली. यातून आपण काही शिकणार की नाही?

महाराष्ट्रात हे घडलेच नाही असेही नाही. मिरजेकडे पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथले शिकलगार हत्यारे घडवीत आणि पाजवीत. संस्थानांच्या लढाया संपल्या, तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या आप्तांनी तंतुवाद्ये हातात घेतली. ज्या हातांनी धार लावली त्याच हातांनी जवारी लावली. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेत राहिले, त्यांनी वाद्ये तपासली, चुका दाखवल्या, आणि मिरजेचा तंबोरा देशभर गेला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आणि लाकूडही बाहेरूनच. मिरजेचे स्वतःचे आहे ते फक्त कसब. लाकूड नसलेले गाव वाद्याचे गाव झाले आणि लाकडाचे जिल्हे लाकडाचेच राहिले!

पण मिरजेच्या कारागिराला जे सुख आहे ते आपल्या सुताराला नाही, हेही सांगितले पाहिजे. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या सुताराकडे सागवानाची फळी दिसली की पहिला प्रश्न असतो, “पावती कुठे आहे?” चोरटी तोड थांबवायची तर हा प्रश्न विचारावाच लागेल, हे मला मान्य आहे. पण पावतीचे लाकूड मिळण्याची सोयही त्याच हाताने करायला नको का? डेपोत लिलाव होतो तो लॉटचा. लॉट घेण्याची ऐपत व्यापाऱ्याची. आमच्या घरी दोन फळ्या हव्या असल्या तर त्या व्यापाऱ्याच्या हातून, त्याच्या भावाने घ्याव्या लागतात. झाड इथले, आणि झाडापासून दहा मैलांवर राहणारा सुतार त्याचा सर्वांत शेवटचा गिऱ्हाईक! मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपल्या परवान्याने विकण्याचा अधिकार मिळाला. आपल्या जिल्ह्याने साऱ्या देशाला घालून दिलेला तो धडा आहे. पण सागवानाला तो लागू नाही. माझे म्हणणे एवढेच की वनखात्याने आणि वनविकास महामंडळाने डेपोतले तुकडे, आखूड नग आणि मोडीचे लाकूड नोंदणी केलेल्या कारागिरांना ठराविक दराने, पावतीसह, दोन-चार घनफुटांच्या मापाने द्यावे. याने सरकारची तिजोरी रिकामी होणार नाही. सुताराची मान मात्र ताठ होईल.

दुसरे काम आपले, म्हणजे कॉलेजचे. दरवर्षी स्नेहसंमेलनाला वाद्ये भाड्याने येतात. त्यांतले एक तरी इथल्या हातचे असावे. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी पिकअपचे वेढे मोजायला मदत करावी, संगीताची जाण असलेल्यांनी सूर तपासून द्यावा. मिरजेच्या कारागिराला खाँसाहेब मिळाले. आमच्या सुताराला निदान एक प्राध्यापक मिळावा, ही मागणी फार मोठी नाही.

आणि मित्रहो, शेवटचे काम आपल्या मनाचे. मी कॉलेजात आलो तेव्हा गावातल्या वडीलधाऱ्यांनी आशीर्वाद दिला तो असा, “शिक बाबू, म्हंजे तुले रंधा माराची पाळी नाई येनार.” आशीर्वाद प्रेमाचाच होता. पण त्यात एक गृहीत धरलेले आहे, की रंधा ही शिक्षा आहे आणि पदवी ही सुटका. आपल्यापैकी किती जणांच्या घरी असे एखादे हत्यार आहे, जे आपण वर्गमित्रांपासून लपवून ठेवतो? कुणाचा चाक, कुणाची भट्टी, कुणाचा माग, कुणाची रापी. आपण पदवी घेऊन बाहेर पडणार, नोकरीच्या रांगेत उभे राहणार, आणि मागे घरी ते हत्यार गंजणार. आपल्या पिढीबरोबर एक विद्या संपेल आणि तिचा मृत्युलेखही कुणी लिहिणार नाही, कारण लिहिता येणाऱ्यांना तिची लाज वाटत होती.

बापाच्या धंद्याला मुलाने जखडून राहावे असे मी म्हणत नाही. ते जखडणे जातीने शतकानुशतके केले आणि ते तुटलेच पाहिजे. सुताराच्या मुलाने प्राध्यापक व्हावे, आणि प्राध्यापकाच्या मुलाला वाटले तर त्याने रंधा हाती घ्यावा. पण सोडायचा तर तो आपल्या इच्छेने सोडावा, लाजेने नको. आणि धरायचा तर नाइलाजाने नको, शिकलेल्या डोळ्यांनी धरावा. पडद्याचे गणित वडिलांना येत नव्हते, पटाशीचा कोन मला येत नव्हता. दोन्ही एकत्र आले तेव्हा लाकडातून सूर निघाला. शिक्षणाचा याहून वेगळा उपयोग मला तरी अजून सापडलेला नाही.

आलापल्लीच्या ‘वनवैभवा’त उभे राहून वर पाहिले की मान दुखते, इतके उंच साग तिथे आहेत. ते उभेच राहोत. पण जे साग पडतात, जे डेपोत येतात, त्यांतला हजारांतला एक तरी तुकडा इथल्या हाताखालून वाद्य होऊन जावो. मग मुंबईच्या एखाद्या रंगमंचावर कुणी विचारील, “सूर छान आहे, गिटार कुठली?” आणि उत्तर येईल, “चंद्रपूरकडची.” त्या उत्तरासाठी काय करायचे, हे आता आपण ठरवायचे आहे.